डबीतली मशेरी आणि जंगलातली पूड

गौरी-गणपती झाले, चाकरमानी परत गेले, आणि आता पितृपक्ष लागला. या दिवसांत आपल्या घरोघरी पितरांच्या नावाने पान वाढतात. वडे, खीर, भाज्या, आणि गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते. कुणाच्या पानाशेजारी विडी ठेवतात, कुणाच्या पानाशेजारी चिमूटभर तंबाखू. आज आपण त्या चिमूटभर तंबाखूविषयी बोलणार आहोत. पण सुरुवात जरा लांबून करू.

आमच्या गटातल्या एका काकीची पुतणी गोव्याला कामाला आहे. परदेशी पाहुणे योगासनांसाठी येऊन राहतात, अशा एका ठिकाणी ती खोल्या झाडते, चादरी बदलते. गणपतीला घरी आली तेव्हा पडवीत बसून सांगत होती, "तिथे रात्री लोक गोल करून बसतात. दिवा लावतात. एकजण दुसऱ्याच्या समोर बसतो, वाकड्या नळीत पूड भरतो आणि त्याच्या नाकात फू करून फुंकतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, कुणी ओकतंसुद्धा. मग सगळे गप्प बसतात. त्याला हापे म्हणतात. आणि त्यासाठी पैसे मोजतात." एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, "काकी, मी वास घेतला. ती आपली तपकीरच आहे गो. मग तू मशेरी लावलीस तर सगळे तुला ओरडतात, आणि त्यांचं मात्र पूजेसारखं कसं काय?"

आम्ही सगळ्या हसलो. पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही शोध घेतला, वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, त्या मुलीचं नाक खोटं बोललं नाही. हापे म्हणजे मुख्यतः तंबाखूच. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नावाची प्रचंड नदी आहे आणि तिच्या भोवती जगातलं सगळ्यात मोठं पावसाचं जंगल आहे. त्याचा मोठा भाग ब्राझील देशात येतो. तो देश आपल्याला परका वाटतो, पण आपल्या परड्यात तो रोज उभा असतो. आपला काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्याला आणला आणि तिथून तो कोकणभर पसरला. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतून आले आहेत. तंबाखूही त्याच खंडाची. तीही पोर्तुगीज जहाजांतून इकडे उतरली. १६०५ च्या सुमारास अकबर बादशहाच्या दरबारात पहिल्यांदा तंबाखू गेली ती विजापूरहून, म्हणजे आपल्या दख्खनमधून. त्याच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली आणि तंबाखू घराघरांत शिरली.

आता ही पूड तिथे कशी करतात ते पाहू. ब्राझीलच्या पश्चिम टोकाला आक्रे नावाचं राज्य आहे. तिथे यावानावा, हुनी कुइन, नोके कोई असे आदिवासी समाज राहतात. ते तंबाखूची पानं सुकवतात, शेकतात, कुटतात आणि अगदी बारीक चाळून घेतात. मग काही ठरावीक झाडांची साल जाळून तिची राख त्यात मिसळतात. कोणत्या झाडाची राख, किती राख, हे प्रत्येक समाजाचं वेगळं असतं आणि ते शिकावं लागतं.

राख कशाला? याचं उत्तर आपल्या घरातल्या पुरुषांच्या तळहातावर आहे. ते तंबाखू मळताना चुना का लावतात? चुना आणि राख, दोन्ही क्षाराच्या जातीचे. क्षारामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या किंवा नाकाच्या आतल्या नाजूक कातडीतून झटकन रक्तात जातं. म्हणजे समुद्रापलीकडच्या जंगलातल्या माणसाने आणि आपल्या गावातल्या माणसाने एकच युक्ती वापरली. एकाने राख घेतली, एकाने चुना.

ती पूड ते स्वतः चिमटीने ओढत नाहीत. त्यासाठी नळी असते, बांबूची किंवा हाडाची. आपल्या चुलीजवळच्या फुंकणीचीच लहान बहीण म्हणा ना. एक नळी आखूड असते, तिने माणूस आपल्या तोंडाने आपल्याच नाकात फुंकतो. दुसरी लांब असते, तिने एकजण दुसऱ्याला देतो. खरा विधी या दुसऱ्या नळीचा. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात. देणारा आधी स्वतः शांत होतो. राग मनात घेऊन कुणाला फुंकर द्यायची नाही, असं तिथे मानतात, कारण पुडीबरोबर देणाऱ्याचा श्वासही समोरच्याच्या आत जातो. आधी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. घेणारा तोंडाने श्वास घेतो, पूड घशाकडे ओढत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, नाक गळतं, डोकं गरगरतं, कधी उलटी होते. मग तो गप्प बसून राहतो. शिकारीला जाण्याआधी, अंगातली मरगळ घालवायला, प्रार्थनेच्या वेळी, अशा कारणांसाठी हे केलं जातं.

श्वासाचं हे महत्त्व आपल्याला नवं नाही. लेकराचा गुडघा खरचटला की आपण पहिली फुंकर घालतो, औषध मागाहून. मंत्र घालणारा जाणता पाण्यावर किंवा अंगाऱ्यावर फुंकर मारतो. आपल्या आयुर्वेदातही नाकावाटे औषध देण्याला नस्य म्हणतात आणि पंचकर्मांत ते एक कर्म आहे. तिथेही वेळ, मात्रा आणि देणारा वैद्य ठरलेला असतो. नाक म्हणजे मोठा दरवाजा आहे, तिथून आत काय सोडायचं ते विचार करून सोडावं, हे दोन्हीकडच्या जुन्या माणसांना कळलं होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. अ‍ॅमेझॉनच्या सगळ्याच नाकपुडी सारख्या नाहीत. काही समाज दुसऱ्या झाडांच्या बियांची किंवा सालीची पूड वापरतात. ती माणसाचं भान हरपवते, नसलेलं दाखवते. त्यांतली काही द्रव्यं आपल्या देशात कायद्याने बंद आहेत. बाहेर कुणी डबीतून पूड दिली तर आत नेमकं काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून कामाच्या ठिकाणी, सहलीला, कुणी कितीही गोड बोलून नळी पुढे केली तरी आपल्या मुलींनी आणि मुलांनी नाही म्हणावं. ज्यांचं रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं आहे आणि ज्या पोटुशी आहेत, त्यांना तर नुसत्या तंबाखूच्या पुडीनेही मोठा धोका होऊ शकतो.

आता आमच्या मनाला सगळ्यात भिडलेली गोष्ट सांगतो. यावानावा लोक ग्रेगोरियो नदीच्या काठी राहतात. रबराच्या व्यापाऱ्यांसाठी त्यांना जंगलात राबावं लागलं. मिशनऱ्यांनी त्यांचे विधी सोडायला लावले. भाषा आणि गाणी मागे पडली. पुढे १९८४ साली त्यांची जमीन त्यांच्या नावाने आखून मिळाली आणि हळूहळू त्यांनी जुन्या गोष्टी पुन्हा हाती घेतल्या. पण विधी चालवणारा जाणता व्हायचा मान तेव्हाही फक्त पुरुषांचा होता. २००५ च्या सुमारास पुतानी आणि हुशाहु या दोघी सख्ख्या बहिणींनी आपल्या वृद्ध गुरूकडे ती दीक्षा मागितली. बायकांना हे झेपणार नाही, असं लोक म्हणाले. त्या दोघी जवळजवळ वर्षभर गावापासून दूर राहिल्या. खाण्यापिण्याचं कडक पथ्य, गोड वर्ज्य, घरसंसार वर्ज्य. त्या टिकल्या. आज त्यांच्या समाजातल्या बायका विधीत पुढे बसतात, गातात, शिकवतात.

हे ऐकून काकी म्हणाली, "एक वर्ष पथ्य केलं तेव्हा कुठे त्यांच्या हाती नळी आली. आणि मी? मी बारा वर्षांची असताना आजीच्या डबीतून बोट बुडवलं."

मैत्रिणींनो, पुतणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर काकीच्या या बोलण्यात आहे. तिथल्या रीतीत पुडीला वेळ आहे, जागा आहे, मात्रा आहे, देणारा जबाबदार माणूस आहे आणि घेतल्यावर शांत बसणं आहे. वस्तूला मान द्यायचा म्हणजे तिला मर्यादा घालायची. आपल्या मशेरीला यांतलं काहीच उरलं नाही. सकाळी उठल्यावर एकदा, भांडी घासल्यावर एकदा, दुपारी डोकं जड झालं म्हणून, सासू बोलली म्हणून, बचत गटाचा हप्ता भरायचा राहिला म्हणून, रात्री झोप येत नाही म्हणून. ज्या चिमटीला पितरांच्या पानाशेजारी वर्षातून एकदा जागा आहे, ती आपण दिवसातून सहा वेळा हिरड्यांना चोळतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग कडू आहे. विधीने घेतली म्हणून तंबाखूचा स्वभाव बदलत नाही. त्या जंगलातही सगळेजण नेहमी विधीनेच घेतात असं नाही, सवयीने दिवसभर ओढणारे तिथेही आहेत. आणि पैसे घेऊन गोल करून बसवलं म्हणून ती पूड औषध होत नाही. शरीर दिवा बघत नाही, मंत्र ऐकत नाही. त्याला निकोटीन कळतं आणि तंबाखूतली विषं कळतात.

मशेरीबद्दल काय माहीत झालं आहे ते आता नीट ऐका. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजल्याने ती शुद्ध होते असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या संशोधकांनी आपल्याच राज्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये १ लाखाहून अधिक लोकांची तोंडं तपासली. ते निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले, आणि तंबाखू वापरणाऱ्यांच्या तोंडात कर्करोग आणि त्याआधीचे डाग दिसतात हे पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न ओढता वापरायच्या तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो असं सांगितलं आहे. चघळायची, लावायची आणि नाकात घालायची, सगळी त्यात आली.

पोटातल्या बाळाचं काय? मुंबईत गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मशेरी लावणाऱ्या सगळ्यात जास्त होत्या. तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि काही दिवस आधीच जन्मली होती. १०५ ग्रॅम म्हणजे मूठभर तांदूळ, असं कुणी म्हणेल. पण अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला तेवढाच फरक भारी पडतो. आणि दूध पाजणाऱ्या आईचं निकोटीन दुधातूनही बाळाला जातं.

सरकारने १९९२ मध्येच दात घासायच्या पुडीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण कायदा दुकानातल्या डबीपर्यंत पोचतो, आपल्या तव्यापर्यंत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी शंभरात सतराजणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. तुमच्या गटात वीसजणी असतील तर तीन-चार डब्या कमरेला असायच्या. कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत मात्र कुणी नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे लाज न देता बोलणं. काकीला कुणी "घाणेरडी सवय" म्हटलं की ती उठून मागीलदारी जायची आणि दुप्पट लावून यायची. आम्ही तिला एकच विचारलं, "कधी लागली?" तेव्हा तिने सांगितलं. दाढ दुखत होती, डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते, आजीने बोट पुढे केलं. आपल्यापैकी बहुतेकींना मशेरी मायेनेच मिळाली आहे. देणारी वाईट नव्हती. तिला माहीत नव्हतं. आपल्याला आता माहीत आहे, हा फरक आहे.

दुसरं काम, तोंड बघणं. महिन्यातून एकदा, उजेडात, आरसा घेऊन. चूळ भरा आणि बोटाने ओठ आणि गाल बाजूला करून पाहा. हिरडीवर, गालात आतून, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडाचं फोड किंवा जखम आहे का? तिखट लागताच आग होते का? आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? यांतलं काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नाहीच. आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. वेळेत सापडलं तर तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

तिसरं काम, सोडणं. इथे आम्हाला त्या जंगलातल्या बायकांचं पथ्य आठवतं. त्यांनी दिवस धरला, माणसं सांगितली, एकमेकींच्या सोबतीने निभावलं. आपणही तसंच करू. एक तारीख ठरवा. गटातल्या एकीला साक्षीदार करा. तव्यावर भाजणं बंद करा, डबी घराबाहेर काढा, मुलांना तंबाखू आणायला दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालच्यांना ती विकणं हा गुन्हाच आहे. पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्या. भाकरी-भाजी, फळं पोटात जाऊ द्या. काही दिवसांत शरीर आपली वाट शोधतं. दात दुखत असतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा, दुखणं मशेरीने बरं होत नाही, फक्त बधिर होतं. फोनवरून मोफत सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे.

आणि तल्लफ आली की? ती काही मिनिटांचीच असते. वाढते, टोकाला जाते आणि उतरते. तेवढा वेळ काढायचा. इथे श्वास कामाला येतो. आम्ही गटात असं करतो. तुळशीपुढे दिवा लावला की पायरीवर पाच मिनिटं बसायचं. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. मग ओठ बारीक करून तो सोडायचा, जसं आपण चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घालतो तसं. निखारा विझू नये आणि ज्वाळही उठू नये इतक्या हळू. घ्यायला जेवढा वेळ, सोडायला त्याच्या दुप्पट. दहा वेळा. दोघी असाल तर समोरासमोर बसा. नळी नको, पूड नको. समोर आपलं माणूस शांत बसलं आहे, एवढं पुरतं. मग एक ग्लास पाणी प्यायचं आणि उठून हाताला काहीतरी काम लावायचं. तोंडात धरायला बडीशेप, लवंग किंवा ओवा आहेच.

काकीने गणपती विसर्जनाच्या दिवशी तारीख धरली. पुतणीला दिवस गेले आहेत, हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. काकी म्हणाली, "बाळंतपणाला ती माझ्याकडे येणार. माझं बोट बाळाच्या तोंडाजवळ जाणार. त्याला वास कसला यायला हवा?" मध्ये एकदा घसरली. तिने स्वतःच येऊन सांगितलं. आम्ही तारीख नव्याने लिहिली. घसरणं म्हणजे हरणं नव्हे, तुम्हीही तसंच करा.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटाने वाण ठरवलं आहे. प्रत्येकीला एक दात घासायचा ब्रश आणि एक छोटा आरसा. खर्च फार नाही. तुमच्या गटाला पटलं तर तुम्हीही करा.

काल काकीच्या घरी तिच्या सासऱ्यांची तिथ होती. केळीच्या पानावर वडे-खीर वाढली, शेजारी रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू ठेवली. नातवाने विचारलं, "आजी, तू सोडलीस ना? मग ही कशाला?" काकी म्हणाली, "ही त्यांची. वर्षातून एकदा, पानाशेजारी. तिची जागा तेवढीच." मग हात जोडून तिने पान कावळ्याला नेऊन ठेवलं, आणि हात धुऊन आत गेली.

पुन्हा भेटू मैत्रिणींनो, पुढच्या आठवड्यात, याच वेळी. तोपर्यंत आरशात एकदा तोंड उघडून पाहाच.